शेजाऱ्याचं बिल सातशे, आपलं सोळाशे: विजेची बिलं ताडून कशी पाहायची

गुहागरच्या बाजारात माझं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. पंप जळला की लोक येतात, आणि पंप टेबलावर ठेवला की हळूच खिशातून विजेचं बिलही काढतात. वाक्य ठरलेलं असतं. "शेजारी सातशे भरतो, आम्हाला सोळाशे. मीटर पळतंय हो आमचं." मी विचारतो, युनिट किती? की बिल उलटंसुलटं करून बघायला लागतात. रक्कम तोंडपाठ, युनिटांचा पत्ता नाही.

रुपयांची रुपयांशी तुलना करून काहीही हाती लागत नाही. बिलाच्या रकमेत मागची थकबाकी असते, तिच्यावरचं व्याज असतं, इंधन समायोजन आकार (वीज बनवण्या-विकत घेण्याचा खर्च वरखाली झाला की लागणारा) असतो. तो समायोजन आकार महिन्यागणिक बदलतो, म्हणून तेवढीच युनिट जाळूनही दोन महिन्यांची बिलं सारखी येत नाहीत. तेव्हा आधी रक्कम बोटाने झाका आणि बिलावर चार गोष्टी शोधा: मागील रीडिंग, चालू रीडिंग, त्या दोन्हींच्या तारखा आणि मीटरची स्थिती. चालूमधून मागील वजा केलं की युनिट. युनिटांना मधल्या दिवसांनी भागलं की रोजचा वापर. तुलना करायची ती ह्या रोजच्या आकड्याची.

दिवसांनी भागायचं कशाला, असं पुष्कळ जण म्हणतात. एका महिन्यात १६० युनिट आली, आधीच्या महिन्यात १५०. घरात ओरडाआरडा. पण १६० होती ३४ दिवसांची, म्हणजे रोज ४.७; आणि १५० होती ३० दिवसांची, म्हणजे रोज ५. वापर उलट कमी झाला होता.

मीटरच्या स्थितीकडे मुद्दाम बघा. घर बंद असल्यामुळे किंवा मीटरपर्यंत पोचता न आल्यामुळे रीडिंग झालं नसेल, तर बिल सरासरीने येतं. सरासरीचं बिल तुलनेला घ्यायचंच नाही. पुढे खरं रीडिंग झालं की दोन-तीन महिन्यांचं एकदम येतं आणि लोक घाबरतात. अशा बिलात स्लॅबही, म्हणजे वापर वाढला की दर वाढवणारे टप्पेही, तितक्या महिन्यांचे धरलेले असायला हवेत. दोन महिन्यांचं बिल असेल तर स्वस्त दराची पहिली १०० नव्हे, २०० युनिट मिळायला हवीत. हे तपासा. आपल्याकडे निम्मी घरं मुंबईकरांची, गणपती-शिमग्याशिवाय कुलूप. त्यांनी शेजाऱ्याला मीटरचा फोटो काढायला सांगावा आणि महावितरणच्या ॲपवरून रीडिंग पाठवावं. सोय आहे, वापरत कोणी नाही.

दुप्पट युनिटांना दुप्पट बिल का नाही

आता सातशे-सोळाशेचं कोडं सोडवू. मी इथे २०२४-२५ ह्या आर्थिक वर्षाचे महावितरणचे घरगुती दर धरतो. दर बदलतात, तुमच्या बिलावर छापलेले दर घ्या. हिशोबाची रीत तीच राहते. त्या वर्षी पहिल्या १०० युनिटांना युनिटमागे ४.७१ रुपये, १०१ ते ३०० ला १०.२९, ३०१ ते ५०० ला १४.५५ आणि ५०० च्या वर १६.६४. शिवाय प्रत्येक युनिटाला वहन आकार, म्हणजे वीज घरापर्यंत आणण्याचे पैसे, १.१७. सिंगल फेजचा स्थिर आकार महिन्याला १२८ रुपये. आणि ह्या सगळ्या बेरजेवर १६ टक्के वीज शुल्क. समायोजन आकार आपण बाजूला ठेवू.

शेजाऱ्याची ८५ युनिट. वीज आकार आणि वहन आकार मिळून ४९९.८०, त्यात स्थिर आकार १२८, झाले ६२७.८०. वर १६ टक्के. बिल ७२८ रुपये. तुमची १६० युनिट. पहिल्या शंभराचे ४७१, पुढच्या साठाचे ६१७.४०, वहन १८७.२०, स्थिर १२८, बेरीज १,४०३.६०, शुल्क धरून १,६२८ रुपये. युनिट दुपटीहूनही कमी, पण बिल सव्वादोन पट. मीटर पळत नाहीये, पुढची साठ युनिट महाग आहेत.

इथे एक गैरसमज गावोगाव पसरलेला आहे, तो आधी काढून टाका. शंभर ओलांडली की सगळीच युनिट महाग दराने लागतात, असं लोक छातीठोकपणे सांगतात. तसं नाही. पहिली शंभर सगळ्यांना स्वस्तच मिळतात. बंगलेवाल्यालाही. महाग होतात ती शंभरच्या पुढची. म्हणून ९९ ची १०१ झाली तर आभाळ कोसळत नाही. वीस-पंचवीस रुपयांचा मामला.

पण ह्यातूनच कामाचा आकडा मिळतो. वहन आणि शुल्क धरून पहिल्या स्लॅबातलं एक युनिट पडतं ६.८२ रुपयांना, दुसऱ्यातलं १३.२९ ला, तिसऱ्यातलं १८.२४ ला. तुम्ही काही वाचवलंत तर वाचतात ती शेवटची, म्हणजे तुमची सगळ्यात महाग युनिट. बिलाला युनिटांनी भागून "आपल्याला दहा रुपये युनिट पडतं" म्हणणं इथे उपयोगी नाही. १६० वाल्याला वाचवलेलं युनिट १३.२९ देऊन जातं, ८५ वाल्याला ६.८२.

पंख्याचंच घ्या. जुना पंखा ७५ वॅट खातो, बीएलडीसी (ब्रश नसलेल्या, सर्किटवर चालणाऱ्या मोटरचा) पंखा ३० च्या आसपास. आमच्याकडे थंडीचे दोनेक महिने सोडले तर पंखा फिरतच असतो. दिवसाला बारा तास धरले तर एका पंख्यामागे महिन्याला १६ युनिट वाचतात. नवा पंखा तीन हजारांचा. १६० वाल्याचे पैसे सव्वा वर्षात वसूल, ८५ वाल्याला सव्वादोन वर्षं लागतात. एकच पंखा, एकच कंपनी, तरी सल्ला दोघांना वेगळा. ८५ वाल्याला मी सांगतो, जुना जळेपर्यंत राहू दे. आणि हो, बीएलडीसीत सर्किट असतं. आमच्याकडच्या जूनमधल्या विजांनी ते उडतं. गडगडायला लागलं की मेन स्विच बंद करायची सवय नसेल तर तेही हिशोबात धरा.

तुलना कोणाशी

मुंबईतल्या भावाशी बिलाची तुलना करू नका. तो लालबागला असेल तर बेस्टची वीज, गोरेगावला असेल तर अदानीची. त्यांचे दर वेगळे. भांडुप-मुलुंडला असेल तर मात्र महावितरणच, मग चालेल. युनिट कोणाशीही ताडता येतात, रुपये नाहीत. "कोयनेचं पाणी पोफळीत वीज करून वाशिष्ठीत उतरतं, गॅसवरचा प्रकल्प आमच्या अंजनवेलला, मग आम्हाला वीज स्वस्त का नाही?" हा प्रश्न दुकानात दर उन्हाळ्यात येतो. दर ठरवतो महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग, आणि महावितरणच्या गुहागरच्या ग्राहकाला युनिटाचा जो दर तोच पुण्याच्या. धरणाशेजारी राहिल्याची सूट नसते.

सगळ्यात चांगली तुलना स्वतःशी, गेल्या वर्षीच्या त्याच दिवसांशी. बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो, तो उपयोगी पडतो. पण कोकणात ह्यातही एक गोम आहे. गणपती २०२३ ला १९ सप्टेंबरला आले, २०२४ ला ७ सप्टेंबरला आणि २०२५ ला २७ ऑगस्टला. गणपतीत घरात पंधरा माणसं, पंप दिवसातून तीनदा, माळा रात्रभर, फ्रिज सतत उघडा. मग २०२५ च्या सप्टेंबरची तुलना २०२४ च्या सप्टेंबरशी केली, तर "बिल उतरलं" असं वाटणारच. उतरलं काही नाही, पाहुणे आदल्या महिन्यात येऊन गेले. म्हणून मी सांगतो, बिलावर पेन्सिलीने लिहून ठेवा: गणपती, शिमगा, मे महिन्यात मुलं आली, मुलीचं बाळंतपण. आणि वादळपावसात लाइट गेली असेल ते दिवसही. निसर्ग वादळ ३ जून २०२० ला रायगडच्या किनाऱ्यावर आलं, त्यानंतर कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. त्या महिन्याचा कमी वापर म्हणजे काटकसर नव्हे.

मीटरचा लाल दिवा

आता माझ्या आवडीचं काम. मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकतो. त्याच्याजवळ एक आकडा छापलेला असतो, पुष्कळ घरगुती मीटरवर ३२००. म्हणजे दिवा ३,२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. तुमच्या मीटरवर १६०० किंवा ६४०० असेल तर खालचे आकडे त्या हिशोबाने बदला.

एक मिनिट घड्याळ लावून लुकलुक मोजायची आणि १८.७५ ने गुणायचं. आलेलं उत्तर म्हणजे त्या क्षणी घर किती वॅट खातंय. चार वेळा लुकलुकला तर ७५ वॅट. सोपं आहे. पंप चालू असताना दिवा सेकंदाला एकदा लुकलुकतो, डोळ्यांनी मोजताना चुकतं. तेव्हा मोबाइलवर मिनिटभराचा व्हिडिओ काढा आणि नंतर निवांत मोजा. मीटरला हात लावायचा नाही, सील तर अजिबात नाही. लांबूनच बघायचं.

पहिली चाचणी: मीटरच्या पुढचा मेन स्विच बंद करा. दिवा लुकलुकणं थांबलं पाहिजे. थांबलं नाही तर मीटर आणि मेन स्विचच्या मध्ये काहीतरी जोडलेलं आहे किंवा मीटरमध्ये दोष आहे. दोन्ही गोष्टी तुमच्या हातातल्या नाहीत, कळवा.

थांबला, तर मेन चालू करा आणि घरातलं सगळं बंद करा. फ्रिजची पिनसुद्धा काढा. आता परत मोजा. इथे गंमत दिसते. कोणीही काही वापरत नाही तरी दिवा मिनिटाला दोनदा लुकलुकतोय. म्हणजे ३७ वॅट. ३७ वॅट म्हणजे काय, असं वाटेल. पण ते चोवीस तास, तीस दिवस. महिन्याला २७ युनिट. १६० वाल्याच्या बिलात हे साडेतीनशे रुपये झाले, आणि ह्या वापरातून ना उजेड मिळाला ना वारा.

शोधायचं कसं? बोर्डातला एकेक एमसीबी (प्रत्येक लाइनचा छोटा स्विच) पाडत जायचं. ज्याने दिवा थांबला त्या लाइनवर चोर. बहुतेक वेळा सापडतो इन्व्हर्टर. म्हातारी बॅटरी चार्ज धरून ठेवत नाही आणि इन्व्हर्टर तिला दिवसरात्र पाजत बसतो. बॅटरीत पाणी बघा, बाहेरून हात लावून बघा. लाइट गेलेली नसतानाही ती कोमट लागत असेल तर तिचे दिवस भरले. त्याखालोखाल सेट टॉप बॉक्स आणि वायफायचा राउटर, दोन्ही मिळून वीसेक वॅट.

तिसरा चोर आमच्याकडचा खास. जांभ्याच्या जुन्या भिंती, लाकडी पट्टीतली जुनी वायर, पावसाळ्यात भिंत ओली. वायरचं आवरण कुजलेलं असलं की वीज भिंतीतून जमिनीत झिरपते. १०० मिलिॲम्पियर झिरपली तरी ती २३ वॅट. पावसाळ्यात मोजलेला आकडा उन्हाळ्यापेक्षा जास्त आला तर हाच संशय घ्या. ह्यात बिलापेक्षा जीव महत्त्वाचा आहे: ३० मिलिॲम्पियरचा आरसीसीबी, म्हणजे वीज झिरपली की पुरवठा तोडणारा स्विच, बसवून घ्या. तो सारखा पडायला लागला की लोक इलेक्ट्रिशियनला सांगून काढून टाकतात. तो पडतोय म्हणजे भिंतीत झिरपतंय. वायर बदला, त्याला काढू नका.

पंप

घरगुती बिलात किनाऱ्यावर सगळ्यात जास्त घोळ पंपाचा असतो, आणि हा माझा धंदा असल्यामुळे थोडं लांबण लावतो.

एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट, पण ती मोटरने बाहेर दिलेली ताकद. मीटरमधून ती हजार-अकराशे वॅट ओढते. व्हिडिओत मिनिटाला ५८ वेळा दिवा लुकलुकला तर १,०८७ वॅट, म्हणजे तासाला साधारण १.१ युनिट. आता टाकी भरायला लागणारी वेळ बघा. विहीर आणि टाकी मिळून वीस मीटरची चढ असेल, तर हजार लिटर पाणी चढवायला निव्वळ कष्ट लागतात ०.०५ युनिटांचे. पंप, मोटर, पाइप ह्यांच्यात वाया जाणारं धरून पाव ते अर्धा युनिट खर्ची पडावं. म्हणजे हजार लिटरची टाकी पंधरा-पंचवीस मिनिटांत भरायला हवी. पाऊण तास लागत असेल तर पंप वीज खातोय आणि पाणी देत नाही.

कारणं ठरलेली. फूटव्हॉल्व्ह (विहिरीतल्या पाइपच्या तळाची झडप) गळतो, मग पाइपातलं पाणी विहिरीत उतरतं आणि दर वेळी प्रायमिंग, म्हणजे पंपात पाणी भरणं, करत बसायचं. सक्शन पाइपच्या सांध्यातून हवा ओढली जाते. इंपेलर, म्हणजे पंपातलं पाणी फेकणारं चक्र, झिजलेला असतो. आमच्या किनाऱ्याच्या विहिरींतून रेतीमिश्रित पाणी आलं की लवकर झिजतो. तिसऱ्यांदा वाइंडिंग केलेली मोटरही जास्त खाते, विशेषतः वाइंडिंग करणाऱ्याने तारेचा गेज बदलला असेल तर. हे मी स्वतः ह्या धंद्यात असूनही सांगतो: घरगुती मोटर दोनदा जळली की नवीन घ्या.

मे महिन्यात विहिरीचं पाणी खाली जातं. तोच पंप, तीच टाकी, पण वेळ जास्त. त्यात संध्याकाळी व्होल्टेज पडलेलं. व्होल्टेज कमी असलं की मोटर जास्त करंट ओढते, तापते आणि पाणीही कमी देते. पंप सकाळी लवकर लावा. बिल थोडं उतरेल आणि माझ्याकडे येणंही लांबेल.

आणि वाडीचं शिंपणं घरच्या मीटरवर करू नका. पन्नास माड आणि दोनशे पोफळी, तिसऱ्या दिवशी शिंपायचं, दोन तास पंप. महिन्याला वीसेक युनिट सहज वाढतात, आणि ती सगळी तुमच्या महाग स्लॅबातली. शेतीपंपाची जोडणी वेगळी मिळते, दर कमी असतो, आणि साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांसाठी राज्य सरकारने २०२४ पासून मोफत विजेची योजना आणली आहे. उलटं मात्र करू नका. शेतीच्या लाइनवर घरचा फ्रिज लावलेला सापडला तर विद्युत कायदा २००३ च्या कलम १२६ खाली बिल येतं, आणि ते भरताना शिंपणं आठवत नाही.

बाकीच्या वस्तू पटकन उरकतो. मिक्सर, एलईडी दिवे, वॉशिंग मशीन ह्यांच्या मागे लागू नका, त्यांनी बिल हलत नाही. फ्रिजच्या आणि एसीच्या स्टार लेबलवर वर्षाची युनिट छापलेली असतात. तारे मोजत बसण्यापेक्षा तो आकडा ताडून बघा. एसीच्या लेबलवरचा आकडा वर्षाला १,६०० तास धरून काढलेला असतो. म्हणून ८०० लिहिलं असेल तर तासाला अर्धं युनिट. रात्री आठ तास लावता तर रोज चार, महिन्याला १२०. खारा वारा बाहेरच्या युनिटची ॲल्युमिनियमची पाती खातो, ती पांढरी होऊन गळायला लागली की तेवढ्याच गारव्याला जास्त तास लागतात. महिन्यातून एकदा वीज बंद करून साध्या पाण्याने धुवून काढा.

गीझरवर चौघांच्या आंघोळीला रोज दीड युनिट, महिन्याला पंचेचाळीस, दुसऱ्या स्लॅबात सहाशे रुपये. ज्याच्या परसात झावळ्या, सोडणं, करवंट्यांचा ढीग कुजतोय त्याने गीझर का लावावा हे मला अजून समजलेलं नाही. बंब आहे ना माळ्यावर! घरात दमेकरी असेल तर गोष्ट वेगळी.

छपरावरच्या सोलरचंही हल्ली विचारतात. पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे. एक किलोवॅट स्वच्छ उन्हात दिवसाला चारेक युनिट देतो; आमचे पावसाळ्याचे चार महिने मात्र हात आखडता. एप्रिल-मेमध्ये जास्त झालेली युनिट खात्यात जमा राहतात आणि त्याच आर्थिक वर्षात पावसाळ्यात वळती होतात, हे बरं आहे. पण परत तेच विचारा: तुमचं शेवटचं युनिट कितीचं? तीनशेच्या वर जाणाऱ्या घराला, होम स्टेवाल्याला, सोलर डोळे मिटून. ८५ वाल्याने त्या नादी लागू नये.

एक मीटर, दोन चुली

हा भाग खास त्यांच्यासाठी ज्यांचं वडिलोपार्जित घर एक, मीटर एक आणि संसार दोन. भांडणं जमिनीवरून होतात तशीच बिलावरून होतात, फक्त ही दर महिन्याला होतात.

समजा एकूण २०० युनिट. बिल येईल २,१६० रुपये. दोघांनी सब मीटर लावलेत. धाकट्याची ६० युनिट, थोरल्याची १४०. अर्धं अर्धं केलं तर धाकट्यावर उघड अन्याय. मग म्हणतात, युनिटांच्या प्रमाणात वाटू. स्थिर आकार अर्धा अर्धा आणि बाकी प्रमाणात, तर धाकट्याला ६७८ आणि थोरल्याला १,४८२. दिसायला चोख. पण धाकट्याचा स्वतःचा मीटर असता तर ६० युनिटांचं बिल ५५८ आलं असतं. म्हणजे थोरल्याच्या एसीमुळे महाग झालेल्या युनिटांचे सव्वाशे रुपये तो उगीच भरतोय.

माझ्या मते खरी वाटणी अशी. स्वस्त दराची पहिली शंभर युनिट आधी वाटून घ्या, पन्नास पन्नास. धाकट्याची पन्नास ६.८२ ने आणि उरलेली दहा १३.२९ ने, अधिक अर्धा स्थिर आकार: ५४८ रुपये. थोरल्याची पन्नास स्वस्त आणि नव्वद महाग, अधिक अर्धा स्थिर आकार: १,६१२. बेरीज बरोबर २,१६०. थोरला कुरकुर करेल. त्याला कागदावर मांडून दाखवा, तोंडी सांगू नका. पंप आणि खळ्यातला दिवा सामाईक असेल तर त्यांना तिसरा सब मीटर लावा, नाहीतर सगळा हिशोब तिथेच फिसकटतो.

चुली खरोखरच वेगळ्या असतील तर दुसऱ्या मीटरसाठी रीतसर अर्ज करा. शंभर-शंभरची दोन बिलं मिळून १,६६१ होतात, एकत्र दोनशेचं २,१६० होतं. पाचशेचा फरक. नुसता स्लॅब वाचवायला एकाच संसारात दोन मीटर घ्यायला जाऊ नका, पाहणीला आलेला माणूस स्वयंपाकघरं मोजतो. आणि बंद घराचं मीटरही फुकट नसतं: एकही युनिट न जळता स्थिर आकार आणि शुल्क मिळून महिन्याला १४८ रुपये, वर्षाला १,७८२. दुसरा मीटर घेताना मुंबईकर भावाने हे आधी ऐकून घ्यावं.

तरीही मीटर पळतंय असं वाटलं तर

घरातलं सगळं बंद करा, फ्रिज आणि इन्व्हर्टरसुद्धा. हजार वॅटचा पाणी तापवायचा रॉड पाण्याच्या बादलीत बुडवून मग चालू करा आणि बादलीपासून लांब राहा. मिनिटाला दिवा साधारण ५३ वेळा लुकलुकला पाहिजे. पण थांबा, हे २३० व्होल्टला. रॉडची ताकद व्होल्टेजच्या वर्गाने उतरते. २०० व्होल्ट असेल तर तोच रॉड ७५६ वॅट ओढतो, आणि दिवा ४० च्या आसपास यायला हवा. म्हणून ही चाचणी स्टॅबिलायझरवरचा व्होल्टेजचा काटा बघून करा, शक्यतो दुपारी. २०० व्होल्टला साठ वेळा लुकलुकत असेल, तर मात्र तुमच्या संशयात दम आहे.

मग मोजलेल्या मिनिटाचा व्हिडिओ, तारीख, व्होल्टेज आणि सहा महिन्यांचे रोजचे युनिट एका कागदावर लिहा. जवळच्या उपविभाग कार्यालयात मीटर तपासणीचा लेखी अर्ज द्या, ठरलेली फी भरा, पावती आणि पोच घ्या. १९१२ वर फोन करून तक्रार क्रमांकही घेऊन ठेवा. तपासणीच्या वेळी घरचं जाणतं माणूस हजर असू द्या आणि अहवालाची प्रत मागा. त्यातून समाधान झालं नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे, त्याच्यावर विद्युत लोकपाल. चालू बिल मात्र तक्रार चालू असताना थकवू नका. व्याज लागतं, आणि पुढच्या महिन्याची रक्कम बघून परत शेजाऱ्याच्या बिलाशी तुलना सुरू होते.